कारकुनी चूक

दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या सोनोग्राफी केंद्रांचे फॉर्म ग्रामीण रुग्णालयात येऊन पडत. भाऊसाहेब ते मोजत, वरच्या पत्रावर आवकचा शिक्का मारत, क्रमांक आणि तारीख टाकत, सुतळीने गठ्ठा बांधून कपाटावर ठेवत. कपाट भरलं की जुने गठ्ठे मागच्या खोलीत जात. अकरा वर्षं हे टेबल त्यांच्याकडे होतं आणि अकरा वर्षांत एक कागद गहाळ झाला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. फक्त त्यातला एकही फॉर्म त्यांनी कधी वाचला नव्हता. वाचा, असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

ही गोष्ट बीड जिल्ह्यातली. यातली माणसं कल्पनेतली आहेत, त्यामुळे गावाचं नाव शोधत बसू नये. फॉर्म मात्र खरा आहे, गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा खरा आहे आणि जिल्ह्याचा आकडाही खरा आहे.

फॉर्मचं नाव एफ. गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर हा भरावाच लागतो. बाईचं नाव, वय, पूर्ण पत्ता, हयात मुलं किती, त्यात मुलगे किती नि मुली किती, त्यांची वयं, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, कितवा आठवडा, काय दिसलं. खाली दोन प्रतिज्ञा असतात. एक बाईची, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. दुसरी डॉक्टरची, की मी ते शोधलं नाही आणि कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलं नाही. पोटातल्या मुलीचा निकाल लागतो तो बंद खोलीत, दोन माणसांच्या मध्ये, एका शब्दात. तिथे साक्षीदार नसतो. पेढे आणा म्हटलं की मुलगा, जिलेबी म्हटलं की मुलगी. काही ठिकाणी तेवढंही बोलत नाहीत, नुसती मान हलते. त्या खोलीतून बाहेर येतो तो फक्त हा कागद. म्हणून कायदा करणाऱ्यांनी सगळा भार त्याच्यावर टाकला. 'कायदा नुसता कागदावर आहे' असं आपण हिणवून म्हणतो. हा कायदा मात्र खरोखरच कागदावर जगतो, आणि कागद कुणी वाचला नाही तर तिथेच मरतो.

नव्या वैद्यकीय अधीक्षक मॅडम रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी विचारलं, "या महिन्यात एफ किती आले?"

"तीनशे अठरा."

"वाचले कुणी?"

"आवक मारलीय, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. भिंतीवरच्या फळ्यावर जिथे कर्मचाऱ्यांच्या रजा लिहीत, त्याच्या कोपऱ्यात त्यांनी खडूने ८०७ लिहिलं. "२०११ची जनगणना. आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे एवढ्या मुली. महाराष्ट्रात सगळ्यात कमी. राज्याचा आकडा ८९४, त्याआधीच्या जनगणनेत तो ९१३ होता. आणि भाऊसाहेब, असा कायदा देशात सगळ्यात पहिल्यांदा आपल्या राज्याने केला, १९८८ साली. मुंबईतल्या बायका त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १९९६ला. म्हणजे सगळ्यांच्या आधी कायदा आपल्याकडे आणि आकडा हा असा."

मग खुर्चीत बसून हळू आवाजात म्हणाल्या, "२०१२ला परळीचं गर्भपाताचं प्रकरण गाजलं. २०१७ला म्हैसाळच्या ओढ्याजवळ एकोणीस गर्भ पुरलेले सापडले. दोन्हीकडे आधी बाई मेली, मग सरकार पोचलं. मला त्याच्या आधी पोचायचंय. तुम्ही हे वाचा. या कायद्याखालची समुचित प्राधिकारी म्हणून सही माझी असते, पण कागद तुमच्या हातातून जातो."

भाऊसाहेबांनी फुलस्केपवर रकाने आखले. सुरुवातीला हे काम त्यांना शिक्षेसारखं वाटलं. दिवसाला चाळीस फॉर्म, डोळ्यांवर ताण, अक्षर डॉक्टरी. पण कारकुनाची नजर एकदा रकान्यात बसली की तिला खोट दिसायला लागते. तिसऱ्या आठवड्यात बाजारगल्लीतल्या एका केंद्राच्या फॉर्मवर त्यांचा हात थांबला. इतर केंद्रांवर पहिलटकरणी, एक मुलगा असलेल्या, नववा महिना लागलेल्या, सगळ्या मिसळलेल्या होत्या. इथे चौदा ते सतरा आठवड्यांच्या बायांची मोठी रांग होती आणि त्या रांगेत मुलगा असलेली बाई जवळजवळ नव्हती. मुली एक, मुली दोन, मुली दोन, मुली तीन. तपासणीचं कारण प्रत्येकीच्या फॉर्मवर तेच, त्याच शाईत. पाठवणाऱ्या डॉक्टरच्या जागी 'स्वतः'. पत्त्यात नुसतं गावाचं नाव. मोबाइलचे आकडे कुठे नऊ, कुठे अकरा.

मॅडमच्या सांगण्यावरून त्यांनी ती नावं उपकेंद्रांच्या गरोदर मातांच्या आणि जन्माच्या नोंदवह्यांशी ताडून पाहिली. काही बाया सापडल्याच नाहीत. काही सापडल्या, त्यांच्यापुढे बाळाची नोंद नव्हती. सिस्टरने शेऱ्यात लिहिलेलं असे, 'गर्भपात, घरी.' बाई होती, पोट होतं, बाळ नव्हतं. कितीतरी वर्षं हे दोन कागद एकाच तालुक्यात, दोन कपाटांत पडून होते. ते कुणी शेजारीशेजारी ठेवले नव्हते एवढंच.

आणि मग जुलैच्या गठ्ठ्यात तो फॉर्म आला. रेखा गणेश. वय सव्वीस. मुलगे शून्य, मुली दोन, वय सहा आणि तीन. आठवडा पंधरावा. गावाचं नाव त्यांच्याच गावाचं.

गणेश त्यांचा मुलगा.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तारीख पाहिली. आषाढी एकादशीच्या आधीचा आठवडा. त्या एकादशीला रेखा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मोरीत पाय घसरला, पोट गेलं, असं घरात सांगितलं गेलं होतं. भाऊसाहेबांनी येताना दोन शहाळी आणली होती. विचारलं काही नव्हतं. आपल्याला माहीत नव्हतं, असं ते आता स्वतःला सांगू पाहत होते. पण माहीत नसणं आणि न विचारणं यांतला फरक सत्तावीस वर्षं फायली हाताळणाऱ्याला कळतो. पाडव्याच्या दिवशी जेवताना तेच म्हणाले होते, यंदा तरी घरात पेढे वाटू. घासाबरोबर सहज बोलून गेले होते. ताट वाढणारीने ते ऐकलं होतं, आणि तिच्या सासूनेही.

त्या संध्याकाळी नोकरीत पहिल्यांदाच एक सरकारी कागद त्यांच्या पिशवीतून घरी गेला.

रात्री जेवणं झाल्यावर ते ओसरीवर बसले. कागद फाडायचा तर चुलीत अजून निखारा होता. पण फॉर्मला अनुक्रमांक असतो. आधीचा एकशे बारा, नंतरचा एकशे चौदा. मधला गेला की माळेतला मणी तुटलेला दिसणारच. शिवाय केंद्राच्या रजिस्टरला नाव असेलच. हे सगळे हिशेब त्यांच्या मनात झाले, आणि आपण हिशेबच करतोय याची त्यांना लाज वाटली.

"मामा, पाणी." रेखा तांब्या घेऊन आली. तिची नजर कागदावर गेली. बारावी झालेली पोरगी. तिने तांब्या खाली ठेवला, कागद उचलला आणि दिव्याखाली धरला. बराच वेळ काही बोलली नाही.

"ही सही माझीच हाय," ती शेवटी म्हणाली. "वाचू दिलं नव्हतं. आत्याबाईंनी बोट ठेवलं, हितं कर म्हणाल्या. मी केली. काय लिवलंय ते आत्ता कळतंय."

भाऊसाहेब गप्प.

"तुमच्याकडं येतेत का हे कागद?"

"येतात."

"सगळे?"

"सगळे. पाच तारखेपर्यंत."

"मग माझा कवा वाचलात?"

"आज."

रेखा खाली बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो त्यांना पेलवेना. "माझा वेळेवर वाचला असता तरी मामा, माझं व्हायचं ते होऊनच गेलं होतं. पण माझ्या आधी ज्या बाया तिथं गेल्या, त्यांचे वाचले असते तर माझ्यापर्यंत ते दुकान चालू राहिलं नसतं." मग कागदाची घडी करून तिने तो त्यांच्या हातात दिला. "माझ्या मागं पण बाया असतील."

आत तिची मुलगी तनू झोपेत काहीतरी बरळली, तशी ती उठून गेली.

सकाळी त्यांनी तो फॉर्म एकशे बारा आणि एकशे चौदाच्या मध्ये ठेवला आणि मॅडमच्या केबिनचं दार ढकललं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कायदा काय म्हणतो ते त्यांनी लपवलं नाही. बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची. म्हणजे रेखा सुटली. पण लिंग तपासायला नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि तडजोड न होणारा.

"या फायलीपासून तुम्हाला दूर ठेवते," मॅडम म्हणाल्या. "हे काम आता दुसरं कुणी बघेल. तुमचा जबाब तेवढा लागेल. विचार करून लिहा."

भाऊसाहेबांनी तिथेच बसून लिहिला. अक्षर नेहमीसारखं सरळ. मुलाचं नाव लिहिलं. बायकोचं नाव लिहिताना पेन अडलं. घरात ते तिला नावाने हाक मारत नसत, गावात ती 'गणेशची आई'. कागदावर मात्र पूर्ण नाव लागतं. त्यांनी लिहिलं, नकुसा.

आईबापांना चौथी मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं नाव. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने अशा नकुसा शोधून त्यांचं नव्याने नामकरण केलं, तेव्हा दोनशे पंच्याऐंशी मुलींना नवं नाव मिळालं होतं. ही नकुसा त्या वेळी सुना-नातवंडांच्या वयाला टेकली होती आणि दुसऱ्याच जिल्ह्यात होती. जिला नकोशी म्हणून हाक मारली गेली, तिनेच सुनेच्या सहीवर बोट ठेवलं. हे लिहिताना मला तिच्यावर नुसतं चिडता येत नाही. आणि तिला माफही करता येत नाही.

जबाबाच्या शेवटी भाऊसाहेबांनी एक वाक्य जोडलं, जे कुणी विचारलं नव्हतं: "सदर गर्भपाताबाबत मी घरात काही विचारले नाही."

पुढच्या आठवड्यात पथक बाजारगल्लीत गेलं. मॅडम, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याच्या कायदा सल्लागार, दोन पंच. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. पाटी नियमाप्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर, सगळं जागच्या जागी. रजिस्टर आणि फॉर्म शेजारी ठेवले तेव्हा खोट बाहेर आली. काही बायांची नोंद होती, फॉर्मच नव्हता. काही फॉर्मवर बाईची सही होती, डॉक्टरची नव्हती. एका दिवसाच्या पाच फॉर्मवर पाचही अंगठे एकाच माणसाचे वाटत होते. पंचनामा झाला, मशीनला सील लागलं.

केंद्राचे मालक शेवटपर्यंत शांत होते. "मॅडम, पेशंटची एवढी गर्दी. मुलं फॉर्म भरतात. या काय, कारकुनी चुका आहेत."

हा शब्द त्या संध्याकाळी शिपायाच्या तोंडून भाऊसाहेबांपर्यंत पोचला, आणि त्यांना तो झोंबला. त्यांच्या आयुष्यात कारकुनी चूक म्हणजे ३ चा ८ होणं, वडिलांच्या नावात वेलांटी ऱ्हस्व जाणं. कुणाचा तरी पगार अडतो, मग आपण जाऊन हात जोडतो, दुरुस्त करून देतो. पंधराव्या आठवड्याच्या बाईचा पत्ता न लिहिणं ही कसली कारकुनी? तो पत्ता लिहिला असता तर कुणीतरी तिच्या दारात जाऊन बाळाचं विचारलं असतं. म्हणूनच लिहिला नव्हता.

आणि हा युक्तिवाद एका केंद्राचा नाही. देशभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना हेच घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती, की फॉर्ममधल्या चुकीला गुन्हा मानू नका. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ते फेटाळलं. नोंद ठेवणं हाच या कायद्याचा कणा आहे, ती अपुरी किंवा चुकीची असेल तर तो कायद्याचा भंगच, तसं नव्हतं हे केंद्राने सिद्ध करावं. ही तरतूद कायम राहिली. प्रामाणिक डॉक्टरांना या कागदांचा त्रास होतो हे मी जाणतो. दिवसभर बाया तपासून रात्री फॉर्म भरणारे डॉक्टर मी पाहिलेत. तरीही मला वाटतं की त्यांचा पूर्ण भरलेला फॉर्मच त्यांना बाजारगल्लीपासून वेगळं ठरवतो. तोच सैल केला, तर दोघांत फरक कशाने करायचा?

खटला उभा राहिला आणि घर मोडल्यासारखं झालं. गणेशला नि नकुसाबाईला जामीन मिळाला. गणेश वडिलांशी बोलेना. जेवायला बसला तर पाठ फिरवून बसे. चुलत्यांची बैठक झाली. घरचं घरात ठेवायचं सोडून म्हाताऱ्याने चावडीवर नेलं, असं ठरलं. गावातले दोघं वजनदार लोक ओसरीवर येऊन म्हणाले, भाऊसाहेब, रेखाला एवढंच सांगा, सही मीच वाचून केली म्हणावं. बाकी आम्ही मिटवतो.

"मिटत नाही ते," भाऊसाहेब म्हणाले. "कायद्यातच तडजोड नाही."

"कायद्यात नसली तरी माणसात असते की."

दारामागे उभ्या असलेल्या रेखाने ते ऐकलं. माहेरहूनही निरोप आला, दोन पोरी आहेत पदरात, संसार बघ. या खटल्यांचं असंच होतं. मशीन सील होतं, बातमी छापून येते, आणि दोन-तीन वर्षांनी साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा बाई सासरीच नांदत असते, त्याच चुलीपाशी, आणि कोर्टात म्हणते, मला काही आठवत नाही. आपण तिला फितूर म्हणतो. तिच्या घरी जाऊन, तारीख आहे, आम्ही बरोबर येतो, असं म्हणणारे किती असतात? या तालुक्यात एक निघाली, गावची आशाताई. ती दर तारखेच्या आदल्या संध्याकाळी रेखाकडे नुसती बसायला येई. बोलण्यासारखं काही नसलं तरी शेंगा निवडत बसे.

साक्षीच्या दिवशी बचावाच्या वकिलांनी फॉर्मची प्रत रेखाच्या हातात दिली. "ही सही तुमची?"

"हो."

"शिकलेल्या आहात?"

"बारावी."

"मग सहीच्या वर काय लिहिलंय, वाचून दाखवा."

कोर्टात पंखा फिरत होता. रेखाने कागद दोन्ही हातांनी धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं, की सोनोग्राफी करून मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. वाचून झाल्यावर ती थांबली नाही. म्हणाली, "हे खरं होतं, साहेब. मला नव्हतंच जाणून घ्यायचं. मला कुणी विचारलं नाही. वाचायला दिलं असतं तर तवाच बोलले असते. आज पहिल्यांदा वाचून दाखवा म्हणालात, ते तुम्हीच."

वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि तिचं उत्तर आधी नीट टंकून घ्यायला सांगितलं.

पुढची तारीख मिळाली. बाहेर व्हरांड्यात एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला नकुसाबाई पदर डोक्यावर ओढून बसली होती. रेखा दुसऱ्या टोकाला टेकली. गणेश खाली रस्त्यावर उभा होता, भाऊसाहेब जिन्यापाशी. वर्षभरात सासू-सुनेत चुलीपाशी लागेल तेवढंच बोलणं होई.

"आत काय वाचायला लावलं गं तुला?" नकुसाबाईने समोर बघत विचारलं. "मला मागं ऐकू आलं, पण कळालं न्हाई."

रेखाने सांगितलं.

"मी बोट ठेवलं, तितं हे लिवलं होतं?"

"हो."

नकुसाबाईने पदराच्या टोकाची गाठ सोडली, पुन्हा मारली. जिन्यावरून कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत गेला. तो लांब गेल्यावर ती बाकावरून थोडी सरकली.

"परत म्हन," ती म्हणाली. "हळू म्हन."